जुन्या जाझच्या नव्या रेकॉर्ड्स: वर्षाला पाचच घ्यायच्या तर कुठल्या?

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला हवा, अशी बऱ्याच जणांची मागणी होती, कारण त्यात नावं फार आहेत. म्हणून बोललेलं थोडं आवरून इथे लिहितोय. मधेमधे बोलण्याची लकब राहिली असेल तर चालवून घ्या.

मुरूडहून एका श्रोत्यांचा निरोप आला होता. निवृत्त शिक्षक आहेत. नाव नको म्हणाले, म्हणून आपण त्यांना नुसतं 'सर' म्हणू. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा सरांच्या घराचे पत्रे उडाले आणि कपाटातल्या सगळ्या रेकॉर्ड्स भिजल्या. तबकड्या बऱ्याचशा वाचल्या, कव्हरांचा मात्र लगदा झाला. आता त्यांना जाझचा संग्रह नव्यानं उभा करायचाय. पेन्शनमधून वर्षाला पाच रेकॉर्ड्स जमतील, सहावी नाही. त्यांचा प्रश्न असा: "एकाच अल्बमच्या चार-चार रीइश्यू दिसतात. एक हजारात, दुसरी पाच हजारांत. फरक काय? आणि मुळात जुनी प्रत सोडून रीइश्यू घ्यावी का?"

या प्रश्नावर आम्ही तिघं बोललो. मी, चौलचे दादा (यांच्याकडे जुन्या एचएमव्ही प्रेसिंगचा मोठा साठा आहे) आणि थळच्या ताई (या फक्त नव्या रेकॉर्ड्स घेतात आणि त्याबद्दल कुणाची माफी मागत नाहीत).

रीइश्यूचा आवाज कुठून येतो

आधी साखळी समजून घेऊ. स्टुडिओत वादन टेपवर उतरतं. त्यातून निवडून, जोडून मास्टर टेप तयार होते. ती टेप वाजवत लॅकरच्या तबकडीवर खाचा कोरतात; याला कटिंग म्हणतात. त्या लॅकरवरून धातूचे साचे बनतात आणि साच्यांत गरम व्हायनल दाबून आपल्या हातात येते ती रेकॉर्ड.

यातली कुठलीही पायरी बिघडली तरी शेवटचा आवाज बिघडतो. पण सगळ्यात महत्त्वाची पायरी पहिली: कटिंग करणाऱ्यासमोर मूळ मास्टर टेप होती, टेपची नक्कल होती, की नुसती सीडी? कव्हरवर छापलेलं '१८० ग्रॅम' हे वजन आहे, दर्जा नव्हे. सीडीवरून कोरलेली रेकॉर्डही १८० ग्रॅमची असू शकते. ताईंचं म्हणणं, "पापलेट घेताना आपण आधी कल्ले बघतो, नुसतं वजन नाही. इथेही तेच."

रेकॉर्डचे कल्ले कुठे असतात? शेवटचं गाणं संपतं तिथून लेबलपर्यंतच्या गुळगुळीत पट्टीत. तिथे मॅट्रिक्स नंबर आणि पुष्कळदा कटिंग करणाऱ्याची खूण कोरलेली असते. ब्लू नोटच्या जुन्या प्रतींवर रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाची आद्याक्षरं सापडतात. आजच्या रीइश्यूंमध्ये केविन ग्रे किंवा रायन स्मिथ ही नावं दिसली, तर काम जबाबदार माणसाच्या हातून झालंय असं समजा. काहीच माहिती नसेल, कव्हरवर टेपबद्दल एक शब्द नसेल, तर संशय घ्या.

हजाराची रेकॉर्ड हजारात का मिळते

यामागे कायदा आहे. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षं टिकायचा. २०१३ पासून तो ७० वर्षं झाला, पण जे आधीच हक्कातून मोकळं झालं होतं ते मोकळंच राहिलं. म्हणजे १९६२ च्या अखेरीपर्यंत प्रसिद्ध झालेलं जाझ तिथे कुणीही छापू शकतं. जाझचा सगळ्यात लाडका काळ नेमका तोच! त्यामुळे छोट्या युरोपीय कंपन्यांच्या स्वस्त रेकॉर्ड्सचा पूर आला. हे बेकायदा नाही. मात्र मूळ टेप मूळ कंपनीच्या कपाटात असते, ती यांना मिळत नाही. मग बहुतेकदा सीडीवरून किंवा दुसऱ्या कुठल्या प्रतीवरून काम उरकतात.

आपल्याकडे ही मुदत ६० वर्षांची आहे, प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून मोजलेली. १९६४ साली निघालेली ध्वनिमुद्रणं २०२५ च्या सुरुवातीला मोकळी झाली. लक्षात ठेवा, हा हक्क ध्वनिमुद्रणाचा. संगीतकाराचा रचनेवरचा हक्क वेगळा, तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो.

दादांनी इथे एक मुद्दा काढला. "स्वस्त प्रत घेतली तर त्यातला एक पैसाही वादकाच्या घरी जात नाही." खरंय. ताई म्हणाल्या, "दादा, तुमच्या चोरबाजारातल्या जुन्या प्रतीतला तरी कुठे जातो?" तेही खरं. यावर आमचं एकमत झालं नाही.

'अस्सल ॲनालॉग' या शब्दाची गोष्ट

२०२२ साली अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या नामांकित रीइश्यू कंपनीबद्दल एक गोष्ट उघड झाली. तिच्या महागड्या रेकॉर्ड्स पूर्णपणे ॲनालॉग आहेत असा ग्राहकांचा समज होता. प्रत्यक्षात कित्येक रेकॉर्ड्समध्ये मूळ टेपची डिजिटल नक्कल करून तिच्यावरून कटिंग होत होतं, आणि तेही कित्येक वर्षं. ग्राहक कोर्टात गेले, कंपनीला तडजोड करावी लागली.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, तोपर्यंत याच रेकॉर्ड्सच्या आवाजाची जगभरचे जाणकार तारीफ करत होते. म्हणजे डिजिटल पायरी आली की आवाज मेला, असं काही नाही. दोन, लपवणं वाईट. जुनी टेप पुन्हापुन्हा वाजवली तर झिजते, म्हणून चांगली डिजिटल नक्कल करून ठेवणं शहाणपणाचंच आहे. फक्त पाच हजार रुपये घेताना तसं सांगा.

आणि टेप कायम राहत नाही, हेही विसरू नका. २००८ मध्ये हॉलिवूडला युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली, तीत असंख्य मास्टर टेप जळाल्या. आपलं वादळ पत्रे नेतं, त्यांची आग टेपा नेते. चांगली रीइश्यू निघते तेव्हा ते संगीत आणखी काही हजार घरांत जपलं जातं, हा तिचा खरा उपयोग.

मूळ प्रत की रीइश्यू

दादांचा जीव मूळ प्रतीत. कारण त्यांनी जाझ शोधलंच मुळी जुन्या कव्हरांतून. मुंबईत जाझ काही काल आलेलं नाही. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, मग क्रिकेट स्मिथ आले, टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या शेजारी बसून गोव्याचे वादक तयार झाले. हल्दोण्याचे आंतोनिओ झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, त्यांतलेच. पुढे हे लोक सिनेमात गेले. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला'मधला तो ठसका ऐका, त्यात चिक चॉकलेट आहेत. आपल्या आजी-आजोबांनी जाझ असं नाव न घेता जाझवर मान डोलावली ती अशी. ही सगळी हकीकत वाचायची असेल तर नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे २०१२ चं पुस्तक आहे.

हा इतिहास हातात धरावासा वाटणं समजू शकतं. पण सरांना द्यायचा सल्ला वेगळा. आपल्याकडच्या जुन्या प्रती बहुतेक फिएस्टासारख्या घरगुती प्लेअरवर वाजलेल्या. त्यांची सिरॅमिक पिकअप जड, सुई वर्षानुवर्षं न बदललेली. खाचा खरवडल्या गेल्या की धुऊन काही उपयोग नाही, घाण जाते, झीज जात नाही. फोटोत चकचकीत दिसणारी रेकॉर्ड ट्रम्पेटच्या वरच्या सुरांना खरखरते ती याच कारणानं. मुंबईत दुकानात जाऊन ऐकून घेता येत असेल तर जुनी प्रत जरूर घ्या. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, पण माहीम, फोर्ट, चोरबाजार इथे अजून ऐकवून विकणारे आहेत. मुरूडला बसून, फोटो बघून, कुरियरनं मागवायची असेल तर रीइश्यूच बरी.

कुठल्या मालिका भरवशाच्या

ब्लू नोटच्या दोन मालिका आहेत. 'टोन पोएट' २०१९ मध्ये सुरू झाली आणि 'क्लासिक व्हायनल' त्यानंतर. दोन्हींचं कटिंग केविन ग्रे करतात, दोन्हींत शक्य तिथे मूळ टेपवरून थेट. टोन पोएटचं कव्हर जाड, दुमडतं, आत स्टुडिओतले सुंदर फोटो. क्लासिकचं कव्हर साधं आणि किंमत बरीच कमी. वर्षाला पाचच घ्यायच्या असतील तर क्लासिक घ्या. आवाज जवळपास त्याच तोलाचा मिळतो.

इम्पल्स आणि व्हर्व्ह या लेबलांसाठी २०२० पासूनची 'अकूस्टिक साउंड्स' मालिका बघा. प्रेस्टीज, रिव्हरसाइड, कंटेम्पररी यांसाठी २०२३ मध्ये नव्यानं सुरू झालेली 'ओरिजिनल जाझ क्लासिक्स'. यांत डोळे मिटून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही, पण टेप कुठली, कटिंग कुणाचं, हे त्या उघड सांगतात.

आमची पाचांची यादी

१. माइल्स डेव्हिस, 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९). सगळे हीच सांगतात, पण इथे निवडायला एक खास कारण आहे. २ मार्च १९५९ च्या ध्वनिमुद्रणात मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की पहिल्या बाजूची तिन्ही गाणी किंचित चढी ऐकू यायची. तेहेतीस वर्षं जगानं ती तशीच ऐकली. १९९२ मध्ये दुसऱ्या, बरोबर चाललेल्या मशीनची टेप वापरून ती सुधारली. म्हणजे इथे रीइश्यू मूळ प्रतीपेक्षा अधिक खरी आहे! दादासुद्धा इथे गप्प बसले.

घरात पेटी असेल तर स्वतः तपासा. आधी टर्नटेबलचा वेग बरोबर आहे ना ते बघा. मग 'सो व्हॉट' लावा आणि पांढरी दोनला सा धरा. सूर सगळे काफी थाटाचे लागतील. मधल्या भागात सगळी मांडणी उचलून काळी दोनवर जाते आणि परत खाली येते. सुधारलेली प्रत पेटीशी जुळते, जुनी थोडी वर सरकलेली लागते. राग ऐकणाऱ्या कानाला हा फरक लगेच टोचतो.

२. हॉरेस सिल्व्हर, 'साँग फॉर माय फादर' (१९६५), क्लासिक व्हायनल. कव्हरवर टोपी घातलेले गृहस्थ आहेत ते हॉरेसचे वडील, केप व्हर्दे बेटांवरून अमेरिकेत गेलेले. त्या बेटांवर पोर्तुगीजपासून तयार झालेली क्रिओल भाषा बोलतात. आता रेवदंड्याची खाडी ओलांडा. कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याच्या गावातही पोर्तुगीजपासून झालेली, मराठीत मुरलेली एक क्रिओल आजही घराघरांत बोलली जाते. एकाच दर्यावर्दी इतिहासाची ही दोन टोकं. जाझ नवीन असेल तर सुरुवात इथून करा. डाव्या हाताचा तो ठेका लहान पोरंही गुणगुणतात.

३. जॉन कोल्ट्रेन, 'अ लव्ह सुप्रीम' (१९६५), अकूस्टिक साउंड्स. ९ डिसेंबर १९६४ च्या एका संध्याकाळी रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत वाजवलेली चार भागांची प्रार्थना. कोल्ट्रेनला भारतीय संगीताची ओढ होती. १९६१ साली व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये त्यानं 'इंडिया' नावाची रचना वाजवली, मुलाचं नाव रवी शंकरांवरून रवी ठेवलं. ही रेकॉर्ड कामं करता करता ऐकू नका. कीर्तनाला बसतो तसं बसा. आणि हिच्या बाबतीत स्वस्त प्रत घेऊ नका, कारण झांजांचा बारीक आवाज वाईट कटिंगमध्ये नुसती सू-सू होतो.

४. शंकर-जयकिशन, 'रागा-जाझ स्टाइल' (१९६८). ही आपल्या मुंबईची. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, मियाँ मल्हार अशा अकरा रागांवर अकरा छोट्या रचना. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो, गिटारवर दिलीप नाईक, तबल्यावर रमाकांत. कडक जाझवाले नाक मुरडतील, सगळं आधी लिहून घेतलंय म्हणतील. पण सिनेमाच्या टायटलमध्ये ज्यांची नावं कधी आली नाहीत, ज्यांना त्या दिवसाचं मानधन देऊन घरी पाठवलं जायचं, ते वादक इथे समोर येऊन वाजवतात. मूळ एचएमव्हीची चांगली प्रत आता फार महाग पडते. गेल्या काही वर्षांत ती पुन्हा एलपीवर निघाली. मात्र विकत घेताना बघा, कारण ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२८ च्या अखेरीपर्यंत शाबूत आहे. परवाना कुणाचा ते कव्हरवर छापलेलं नसेल तर ती प्रत सोडा.

५. अमान्सिओ डिसिल्वा, 'हम दोनो' (१९६९) किंवा 'कोकण डान्स'. अमान्सिओ गोवेकर घरातले, जन्म मुंबईचा, १९३६ चा. गिटार घेऊन लंडनला गेले. 'हम दोनो' त्यांनी जमैकाच्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर केला. मूळ प्रत सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही, त्यामुळे पुनर्मुद्रणाला पर्यायच नाही. 'कोकण डान्स'ची कथा आणखी वेगळी. १९७२ मध्ये ध्वनिमुद्रण झालं, पण रेकॉर्ड निघालीच नाही. ती बाहेर यायला नवं शतक उजाडावं लागलं. म्हणजे ही रीइश्यूही नव्हे, उशिरा झालेला जन्मच.

याच हॅरियटनं जॉन मेयरबरोबर १९६६ मध्ये 'इंडो-जाझ स्वीट' केला होता. त्यात तबल्यावर केशव साठे आहेत. लंडनमध्ये राहून जाझवाल्यांना आपले ठेके शिकवणारा हा मराठी माणूस आपल्याकडे जवळजवळ कुणाला माहीत नाही. त्यांच्यावर एक अख्खा भाग करायचा विचार आहे.

ताईंना यादीत ड्यूक एलिंग्टनचा 'फार ईस्ट स्वीट' हवा होता. एलिंग्टनचा बँड १९६३ मध्ये भारतात येऊन गेला, त्या दौऱ्याच्या आठवणींतून ही रचना झाली आणि डिसेंबर १९६६ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. तीत आपल्या मैनेची शीळसुद्धा आहे. सर, पुढच्या वर्षाची पहिली रेकॉर्ड ही धरा.

खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस

आता सगळ्यात कामाचं. बुरशी व्हायनल खात नाही, ती कागद खाते आणि बोटांच्या तेलावर वाढते. म्हणून:

रेकॉर्ड आली की आतलं कागदी पाकीट काढा आणि पातळ, मऊ प्लॅस्टिकचं घाला. कव्हरवरचं जाड, चिकट पीव्हीसीचं आवरण फेकून द्या. दमट हवेत ते रेकॉर्डला चिकटतं आणि डाग पाडतं. बाहेरून पॉलिप्रॉपिलीनचं, वरून उघडं ठेवता येईल असं आवरण चांगलं.

रेकॉर्ड्स उभ्याच ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला कपाट टेकवू नका, पावसाची ओल तिथूनच येते. खालचा कप्पा जमिनीपासून दोन हात वर असू द्या. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी तापवून पुन्हा वापरा. कपाट कुलूपबंद करून गणपतीपर्यंत विसरू नका, आठवड्यातून एकदा उघडा. रेकॉर्ड वाजवत राहणं हीच मोठी देखभाल.

धुवायला डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, लागलंच तर अगदी थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. पण घरात आजोबांच्या ७८ आरपीएमच्या लाखेच्या रेकॉर्ड्स असतील तर त्यांना अल्कोहोल चुकूनही लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, रेकॉर्ड कायमची जाते.

मुंबईहून आणताना रेकॉर्ड्स गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवू नका. भाऊच्या धक्क्यावर रो-रोच्या रांगेत अर्धा तास ऊन लागलं तरी तबकडी पापडासारखी वाकते.

सरांच्या भिजलेल्या रेकॉर्ड्सबद्दलही बोललो. कव्हर नाही म्हणून तबकडी टाकू नका. स्वच्छ धुऊन साध्या पांढऱ्या पाकिटात घाला, वर पेन्सिलीनं नाव आणि साल लिहा. त्यांतली जी वाजतेय ती पुन्हा विकत घ्यायची गरज नाही, म्हणजे पाचांपैकी एक जागा मोकळी होते. संग्रह नव्यानं उभा करायचाय तर आधी घरात काय वाचलंय ते एकेक लावून बघावं, मग दुकानाची वाट धरावी.

तुमच्याकडे यांपैकी एखाद्या अल्बमच्या दोन वेगळ्या प्रती असतील, तर गुळगुळीत पट्टीवरचे नंबर वाचून आम्हाला कळवा. पुढच्या भागात त्या शेजारीशेजारी लावून ऐकू. भेटूच.